बोलीभाषेचे व्याकरण

मराठीत ‘बोली’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. मुलखाची भाषा ही एक बोली आणि लिलावात लावलेली किंमत ही दुसरी. शब्दकोश या दोन अर्थांना दोन आकडे देतो आणि मोकळा होतो. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात मात्र हे दोन्ही अर्थ एकाच तोंडातून एकाच वेळी बाहेर पडतात. ‘दोन बदाम’ म्हणणारा खेळाडू किंमत लावत असतो आणि त्याच श्वासात टेबलापलीकडच्या भिडूशी हितगुजही करत असतो. या खेळात बुडणारे बहुतेक जण बोलीला नुसती किंमत समजतात, म्हणून बुडतात.

बोली ही भाषा आहे हे समजून घ्यायला हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड ही उत्तम शाळा आहे. जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. यार्डात हळदीचे बीट, म्हणजे लिलाव, सुरू झाले की खरेदीदारांचा घोळका ढिगामागून ढिगाकडे सरकत जातो. एक खरेदीदार वाकतो, मूठभर माल उचलतो, त्यातली एक कांडी कटकन मोडतो, आतला रंग उन्हाकडे धरून पाहतो, तुकडा नाकाशी नेतो. माल मनापासून आवडला असेल, तर तो तोंड कडू करून म्हणतो, ‘मालक, ओली लागायली हो. गट्टू पण लई दिसायलेत.’ शेतकरी ओळखतो, की हा गडी शेवटपर्यंत हटणार नाही. ज्याला माल नको असतो तो ‘हळद झकास हाय’ असे मोठ्याने सांगून पुढच्या ढिगाकडे जातो. स्तुती फुकट असते. नावे ठेवणाऱ्याच्या खिशात पैसे असतात. ब्रिजची पहिली इयत्ता इथे पुरी होते.

दुसऱ्या इयत्तेत फरक सुरू होतात. बीटात प्रत्येक जण स्वतःसाठी बोलतो. ब्रिजमध्ये चार खेळाडू असतात आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. प्रत्येकाला १३ पाने मिळतात. आपली पाने दिसतात, भिडूची दिसत नाहीत, आणि किंमत मात्र दोघांच्या मिळून २६ पानांची करायची असते. अर्धा ढीग आपल्यासमोर, अर्धा भिडूच्या गोणीत, गोणीचे तोंड शिवलेले, आणि भाव दोन्हींचा मिळून सांगायचा, असा हा व्यवहार आहे. दोघांना एकमेकांच्या गोणीची कल्पना यावी म्हणून बोलायला परवानगी आहे. पण बोलायचे ते भावाच्याच भाषेत. शिवाय बाकीचे दोघे कान टवकारून बसलेले असतात. जे भिडूला कळते ते त्यांनाही कळते. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण ज्योतिषापेक्षा ब्रिजला जास्त लागू पडते.

बोलीला आजची धार आली ती १९२५ साली. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी लावून जास्त हात केले तरी ते सगळे पदरात पडत. माणसे स्वस्तात बोली घेत आणि पुढे मजा करीत. अमेरिकन धनिक हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांना हे पटले नाही. लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघालेल्या ‘फिनलंड’ या बोटीवर त्यांनी नवी गुणपद्धत सोबत्यांवर आजमावून पाहिली. तिचा मथितार्थ असा, की गेम आणि स्लॅम या मोठ्या बोलींचे बक्षीस ज्याने आधी तेवढी बोली लावली त्यालाच मिळेल. दहा हात केले पण बोली आठाचीच होती, तर वरच्या दोन हातांचे किरकोळ गुण घ्यावेत आणि गप्प बसावे. उलट बोली दहाची लावली आणि हात नऊच झाले, तर दंड. न बोलणाऱ्याचे सोने विकत नाही हे लोक पूर्वीपासून म्हणत होते. व्हँडरबिल्ट यांनी त्याचा तक्ता करून दिला.

या भाषेची शब्दसंपत्ती पाहू. एक ते सात हे सात आकडे. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकमी ही पाच नामे. पास, डबल आणि रिडबल ही तीन अव्यये. एकूण शब्द १५. त्यांच्यापासून होणारी विधाने ३८. त्यांतल्या प्रत्येक बोलीने आधीच्या बोलीपेक्षा वर जायचे असते. बीटात जसे चौदा हजारांवरून कोणी तेरावर येत नाही, तसेच. बोलीच्या आकड्यात सहा मिळवले की करायच्या हातांची संख्या निघते, म्हणजे ‘दोन बदाम’ हे आठ हातांचे वचन झाले. आता दुसरी बाजू: एका खेळाडूला मिळू शकणाऱ्या १३ पानांचे निरनिराळे संच सुमारे ६३,५०० कोटी होतात. ६३,५०० कोटी आशय आणि ३८ विधाने! जगातल्या कोणत्याही बोलीभाषेवर इतका ताण आलेला नाही. ‘लागायली’ आणि ‘दिसायलेत’ एवढ्या दोन क्रियापदांवर सबंध हंगाम काढणारा खरेदीदारही यापुढे शब्दप्रभू ठरतो.

ताण हलका करण्यासाठी वजनकाटा आहे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण धरायचा. मिल्टन वर्क यांनी ही मोजणी रूढ केली. सबंध कॅटमध्ये असे ४० गुण असतात. भिडूंच्या जोडीकडे मिळून २५ असले तर गेमची बोली शोभते, ३३ असले तर बारा हातांच्या स्लॅमची. हा काटा बाजारातल्या काट्याइतकाच प्रामाणिक आहे, म्हणजे वजन खरे सांगतो आणि मालाविषयी काहीच सांगत नाही. एकट्या पडलेल्या राजाचे ३ गुण कागदावरच राहतात, कारण पहिल्याच फेरीत त्याच्यावर एक्का पडतो. उलट दश्शी, नव्वी आणि अट्ठी यांची शून्य गुणांची रांग गुलामाच्या पाठीशी उभी राहिली, की त्या गुलामाचा सरदार होतो. कोवळे खेळाडू गुण मोजतात. मुरलेले खेळाडू कांडी मोडून पाहतात.

मराठी अलंकारशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती शिकवतात: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. ब्रिजची बोली या तिन्ही शक्तींवर चालते. ‘एक इस्पिक’ म्हणजे माझ्याकडे इस्पिके आहेत, ही अभिधा. भिडूने ‘एक बिनहुकमी’ म्हटल्यावर आपण म्हटलेले ‘दोन किल्वर’ ही लक्षणा. त्यात किल्वरचा संबंध नसतो. ‘तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिकची चार पाने आहेत का?’ असा तो प्रश्न असतो. या संकेताला सॅम स्टेमन यांचे नाव पडले, कारण तो त्यांनी १९४५ साली लेख लिहून प्रसिद्ध केला. शोध होता त्यांचे भिडू जॉर्ज रॅपी यांचा. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, यावरून भिडूंमधल्या संबंधांची कल्पना यावी. ‘चार बिनहुकमी’ म्हणून भिडूचे एक्के विचारण्याचा इझ्ली ब्लॅकवुड यांचा संकेत याच जातीचा. एक्के विचारून झाल्यावर मिळालेल्या उत्तराचे काय करायचे, याचा विचार बरेच जण विचारून झाल्यावर सुरू करतात.

सर्वांत भाबड्या माणसाला फसवते ते ‘डबल’. त्याचा कोशातला अर्थ: ही बोली तुम्हाला पेलणार नाही, दंड वाढवा. पण प्रतिस्पर्ध्याने ‘एक बदाम’ म्हटल्याबरोबर दिलेले डबल दंडासाठी नसते. ‘माझ्याकडे बदाम सोडून बाकी सगळे थोडेथोडे आहे, भिडू, तू निवड’ असा त्याचा अर्थ असतो. बोलायचे एकाला आणि सांगायचे दुसऱ्याला, हा प्रयोग मराठी घरांना नवा नाही. लेकी बोले सुने लागे. फरक एवढाच, की घरात सुनेला अर्थ बरोबर लागतो. ब्रिजमध्ये भिडू ‘दंडासाठीच असेल’ असे समजून पास म्हणतो आणि प्रतिस्पर्धी एक बदाम डबल करून, वर दोन हात जास्तीचे करून, आभार मानतात.

अतिशयोक्तीलाही या व्याकरणात मान्यता आहे. हातात एकाच रंगाची सात पाने आणि बाकी सगळा पालापाचोळा असेल, तर एकदम ‘तीन इस्पिक’ अशी सुरुवात करतात. ती श्रीमंताची बोली नव्हे, वाट अडवणाऱ्याची. प्रतिस्पर्ध्यांनी एक, दोन, तीन असे पायरीपायरीने बोलत आपला माल जुळवायच्या आत जिनाच काढून घ्यायचा. बीटातही असा गडी असतो. सगळे शंभर-पन्नासने चढत असताना तो एकदम पाचशेने उडी घेतो आणि बाकीचे हिशेब करीत उभे राहतात. ही उडी घेणाऱ्याने एक पथ्य पाळायचे असते: एकदा उडी मारल्यावर पुन्हा तोंड उघडायचे नाही. जे सांगायचे ते सांगून झालेले असते. हे पथ्य कळणारे पुष्कळ आणि पाळणारे थोडे. उतावळा नवरा आणि त्याचे गुडघ्याला बांधलेले बाशिंग यांची गाठ ब्रिजच्या टेबलावर हटकून पडते.

व्यंजना सर्वांत अवघड, कारण ती न बोललेल्या शब्दात असते. पास म्हणजे रिकामी जागा नव्हे. भिडूने संधी असताना डबल दिले नाही, प्रतिस्पर्धी दोनवर थांबले, ज्याने सुरुवात केली तो नंतर गप्प झाला, या प्रत्येक मौनाला वजन असते. बदाम दोन्ही बाजूंनी कोणीच बोलले नाही, तर ते गेले कुठे हा प्रश्न चांगल्या खेळाडूला पडतो. सामान्य खेळाडू पास ऐकतो आणि चहा मागवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरे. पण ब्रिजमध्ये समोरचा त्या मुठीचा भाव सव्वा लाख की सव्वा रुपया हे तिच्या झाकण्याच्या पद्धतीवरून ठरवतो.

येथपर्यंत व्याकरण झाले. खरी परीक्षा चौघेही बोलू लागतात तेव्हा होते. एक उदाहरण पाहू. दक्षिणेकडे बसलेल्या खेळाडूकडे राजा, गुलाम, दश्शी, अट्ठी, छक्की, चव्वी अशी सहा इस्पिके आहेत. बदामाची पंजी आणि तिर्री. चौकटचा एक्का, सत्ती, दुर्री. किल्वरची राणी आणि चव्वी. गुण १०. पूर्वेने ‘एक बदाम’ अशी सुरुवात केली, दक्षिणेने ‘एक इस्पिक’ म्हटले, पश्चिमेने ‘दोन बदाम’, उत्तरेने ‘दोन इस्पिक’, पूर्वेने ‘तीन बदाम’. आता दक्षिणेने काय करावे? गुण मोजून उत्तर मिळत नाही. हुकूम मोजून मिळते. सहा स्वतःची आणि पाठिंबा देणाऱ्या भिडूची निदान तीन, म्हणजे नऊ इस्पिके. फ्रान्सचे झाँ-रने व्हेर्न यांनी एक नियम मांडला: दोन्ही बाजू आपापल्या आवडत्या हुकमात खेळल्या, तर दोघांच्या हातांची बेरीज दोघांच्या हुकुमांच्या बेरजेइतकी भरते. अमेरिकेचे लॅरी कोहेन यांनी पुढे पुस्तक लिहून तो घरोघरी पोहोचवला. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की जेवढे हुकूम तेवढ्या हातांपर्यंत बेलाशक बोलावे. नऊ हुकूम, नऊ हात, ‘तीन इस्पिक’.

समोरच्यांकडेही नऊ बदाम आहेत असे धरले तर बेरीज १८. त्यांचे नऊ होत असतील तर आपलेही नऊ होतात. त्यांना १४० गुण देण्याऐवजी आपण १४० घेतो. त्यांचे दहा होत असतील तर आपले आठ. एक हात बुडतो, ५० जातात, पण १७० वाचतात. त्यांचे आठच होत असतील तर आपले दहा. तिन्ही वाटांनी ‘तीन इस्पिक’ बरोबर. आणि मग पूर्व हुंकार देते: ‘चार बदाम.’

याच क्षणी माणसाचा स्वभाव उघडा पडतो. ‘चार इस्पिक’ हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे असतात. बेरीज अजूनही १८ आहे. त्यांचे दहा असतील तर आपले आठच. दोन हात बुडतील आणि डबल होईल. आपण व्हल्नरेबल, म्हणजे दंड आणि बक्षीस दोन्ही वाढलेल्या स्थितीत, नसलो तर दंड ३००, आणि त्यांचा गेम झाला असता तर ४२०. म्हणजे तोट्यात १२० चा फायदा. पण आपण व्हल्नरेबल असलो, तर तोच दंड ५०० आणि फायद्याचा पत्ता नाही. आणि मुळात त्यांचे नऊच होत असतील, तर ते आपोआप बुडत होते. आपण मध्ये पडून त्यांना वाचवले आणि स्वतः बुडलो. बुडणाऱ्याला हात देऊन स्वतः पाण्यात जाणे याला इतरत्र परोपकार म्हणतात. हुकूम नऊच असताना दहाव्या हाताची बोली लावणाऱ्याकडे सहसा एकच कारण असते: समोरचा शेवटचा शब्द बोलून गेला हे त्याला सहन झालेले नसते. यार्डातही काही ढीग हळदीच्या भावाने जात नाहीत, शेजारच्या दुकानदाराच्या नाकाच्या भावाने जातात. पावती हातात आल्यावर जिंकणाऱ्याच्या लक्षात येते, की आता हा माल तोलून घरी न्यायचा आहे.

धाडस मात्र सर्वस्वी वर्ज्य नाही. त्याचाही दर ठरलेला आहे. संघांच्या सामन्यात तीच पाने दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात आणि दोन निकालांतला फरक मोजतात. त्या मोजणीत व्हल्नरेबल असताना गेम होण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास असली तरी बोली लावणे फायद्याचे पडते. व्हल्नरेबल नसताना ४५ टक्के हवेत. हे वाचून उत्साही खेळाडू ३८ टक्के लक्षात ठेवतो, कशाचे ते विसरतो आणि प्रत्येक डावात गेम बोलतो. दुसरा खेळाडू हातचे राखून बोलणारा. तो कधी बुडत नाही. त्याच्या नावावर नेहमी दोन हात जास्तीचे असतात, आणि दुसऱ्या टेबलावर कोणीतरी तोच गेम बोलून गेलेले असते. पहिल्याची चूक सगळ्यांना दिसते, दुसऱ्याची हिशेबपट्टीत दिसते. दोघांची भिडू म्हणून गाठ पडली तर सरासरी निघत नाही, भांडण निघते.

तीच पाने सर्व टेबलांवर, या व्यवस्थेमुळे नशिबाचा बहाणाही संपतो. एकच ढीग हिंगोली, वसमत, नांदेड आणि सांगलीच्या खरेदीदारांपुढे वेगवेगळा मांडला आणि कोणी काय भाव काढला ते फळ्यावर लिहिले, तर जी शांतता पसरेल ती ब्रिजच्या स्पर्धेत रोज पसरते. हिंगोली ज्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत होती, त्या राज्याच्या जुगार कायद्याखालचा रमीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६७ च्या निकालात न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना सांगितले, की रमीतला योगायोग ब्रिजच्या पानवाटपातल्या योगायोगाच्याच जातीचा आहे. ब्रिजला दाखला मागावा लागला नाही. दाखला म्हणून ब्रिजच दिला गेला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक आणले. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत मुंबईचे जग्गी शिवदासानी आणि हेमा देवरा यांच्या संघांनी कांस्यपदके मिळवली. गुडघे दुखत असताना देशासाठी खेळता येते, हा या खेळाचा उपेक्षित गुण आहे.

व्याकरणात शेवटी अशुद्ध प्रयोग येतात. मराठवाड्यातल्या जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दोघे हेडे एकमेकांचा हात धरतात, वर उपरणे टाकतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. चेहरे आभाळाकडे, व्यवहार उपरण्याखाली. बैलाला आणि त्याच्या मालकाला काय चालले आहे ते कळत नाही, आणि बाजाराची त्याला हरकत नसते. ब्रिजमध्ये बोटांना सक्त मनाई आहे. १९६५ साली ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांनी बदामांची संख्या कळवल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवले, लंडनमधल्या चौकशीने निर्दोष ठरवले, आणि वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही. १९७५ साली बर्म्युडात दोन इटालियन खेळाडूंचे पाय टेबलाखाली संशयास्पद रीतीने एकमेकांना भेटताना दिसले. भिडूंना एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून त्या स्पर्धेत प्रथमच टेबलावर पडदे उभे केले होते. पाय तेवढे मोकळे राहिले होते. टेबलाखालीही आडवी फळी आली. आता बोली तोंडाने न बोलता छापील कार्डे मांडून दाखवतात, कारण ‘पास’ हा एकच शब्द माणूस दहा सुरांत म्हणू शकतो आणि त्यातले नऊ बेकायदा आहेत. फार वेळ विचार करून पास म्हणणेही भिडूला काही सांगून जाते. म्हणून नियम असा, की भिडूने त्या विचारातून काहीही समजून घ्यायचे नाही. संसारात हा नियम न सांगता पाळला जातो.

लिलाव पुकारणारा ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणून हातोडा आपटतो. ब्रिजमध्ये एका बोलीनंतर लागोपाठ तीन पास आले की बोली मिटली. पहिले पान पडते, आणि बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडतो. गोणीची शिवण इथे प्रथमच उसवते. भिडूच्या हातात काय असेल याचे जे चित्र १५ शब्दांतून उभे राहिले होते, त्याच्याशेजारी आता खरा माल पडलेला असतो, आणि बोली जिंकणारा मोडलेल्या कांडीकडे पाहावे तसा त्याच्याकडे पाहत राहतो. पाने मांडणाऱ्या भिडूला त्या डावापुरते डमी म्हणतात. पान सुचवणे, डोळे वटारणे, उसासा टाकणे, काहीही त्याला करता येत नाही. हे मौन तेरा हात टिकते. चौदावा हात नसतो. त्याच्या जागी दोन भिडूंमधली चर्चा सुरू होते, आणि तिला १५ शब्द पुरत नाहीत.